गडग्यापाशी थांबलेली ढोलकी

दुःखाच्या घरी नाताळ करायचा नसतो, हा नियम कुणी केला ते मी पुष्कळ शोधलं. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उपासनेच्या पुस्तकात तो नाही. शास्त्रात तर नाहीच. कुणाला विचारलं की उत्तर येतं, "रीत आहे." रत्नागिरीत आम्ही ख्रिस्ती माणसं थोडी. आळीत आमची दोन घरं, बाकी सगळी हिंदू, दोन मुसलमानांची. आम्ही सुतक पाळत नाही, असं आम्ही शेजाऱ्यांना थोड्या अभिमानानंच सांगतो. आणि घरातलं कुणी गेलं की वर्षभर पडवीत तारा लावत नाही, तळणाची कढई ठेवत नाही, मुलांना नवे कपडे शिवत नाही. सुतक हा शब्द तेवढा टाळतो. त्याऐवजी "घरात दुःख आहे" म्हणतो.

हे मी रागानं लिहितो आहे. माझा स्वभाव रागाचा नाही. मी वाचनालयात काम करतो आणि माझा आवाज टेबलापलीकडच्या माणसाला नीट ऐकू येत नाही, अशी वाचकांची जुनी तक्रार आहे. पण बायको गेली त्या वर्षीच्या नाताळात जे झालं, त्याचा राग अजून निवलेला नाही. तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

ती सावंतवाडीकडची. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरचा नाताळ म्हणजे पडवीत कागदाचा तारा, सकाळी उपासना, दुपारी मटण आणि संध्याकाळी फराळाचे डबे घेऊन नातेवाइकांकडे चक्कर. पहिली काही वर्षं तिनं सगळं मुकाट्यानं केलं. मग मुलगी झाली, चालायला लागली, तारा ओढून फाडायला लागली, तेव्हा एकदा म्हणाली, "ह्या सगळ्यात येशू कुठे आहे हो?"

मी म्हटलं, "चर्चमध्ये आहे की."

"तेच म्हणते मी. तिथंच ठेवून येतो आपण त्याला. आणि घरी येऊन मटण खातो."

त्या वर्षी तिनं गोठा केला. चिऱ्याच्या खाणीवरून जांभ्याचे तुकडे आणले, रचून तीन भिंती केल्या, वर पेंढ्याचं छप्पर घातलं. नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी करवंट्यांमध्ये तांबडी माती भरून तिनं भात पेरलं. तिच्या माहेरी तशी पद्धत होती. नाताळापर्यंत भात वीतभर येतं आणि गोठ्याभोवती हिरवं शेत उभं राहतं. मुलगी रोज सकाळी उठून आधी करवंट्या बघायची, मग तोंड धुवायची.

मूर्तींसाठी शाडूची माती आळीतल्या गणपतीच्या शाळेतून आली. आमच्याकडे गणपती घडवायच्या कारखान्याला शाळा म्हणतात. तिथल्या मूर्तिकारानं मरिया आणि योसेफ हौसेनं घडवून दिले. माती मळता मळता म्हणाला, "वहिनी, सोंड नको ना ह्यांना? हात सवयीनं तिकडेच जातो."

"सोंड नको आणि मुकुटही नको. योसेफ सुतार होता."

"सुतार? मग सोपं आहे," तो म्हणाला, आणि त्यानं योसेफाला मिशा आणि खांद्यावर पंचा दिला. आमचा योसेफ अजूनही कोपऱ्यावर खिडक्यांच्या चौकटी करणाऱ्या माणसासारखा दिसतो. बाळ मात्र तिनं स्वतः केलं. अंगठ्याएवढं. ते वाळायच्या आधी उचललं म्हणून पाठीवर तिच्या अंगठ्याचा ठसा राहिला, आणि रंग दिल्यावरही तो गेला नाही.

दोन गोष्टी तिनं अगदी ठरवून टाकल्या होत्या. एक म्हणजे गव्हाण रिकामी ठेवायची. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मंडळीतली माणसं ढोलकी-पेटी घेऊन घरोघर गात फिरतात. ती फेरी आमच्या दारात आली की तिच्यातल्या कुणाच्या तरी हातात बाळ द्यायचं आणि त्यानं ते गव्हाणीत ठेवायचं. घरच्यांनी ठेवायचं नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "तो पाहुणा आहे. पाहुण्याला आपणच उचलून आणून बसवतो का? दारातून येऊ दे त्याला."

दुसरी गोष्ट फराळाच्या पहिल्या ताटाची. आम्ही ज्यांना करंज्या म्हणतो त्यांना ती नेवऱ्या म्हणायची. त्या तळून झाल्या की पहिलं ताट नातेवाइकांकडे जायचं नाही. त्या वर्षी ज्या घरात कुणी गेलं असेल त्या घरी जायचं. मुलीचा हात धरून ती स्वतः जायची, ताट ठेवायची, त्या घरच्या माणसांजवळ बसून एखादं गीत हळू आवाजात गायची आणि परत यायची. आल्यावर त्याबद्दल काही बोलायची नाही. मंडळीत हे कुणाला ठाऊक होतं असं मला वाटत नाही. मलाही सगळी घरं ठाऊक नाहीत.

गणपती यायच्या थोडं आधी ती गेली. आजार लांबला नाही, एवढंच लिहितो. मुलगी सात वर्षांची होती, मुलगा चार. माझी मोठी बहीण बंदराकडच्या आपल्या घराला कुलूप घालून आमच्याकडे राहायला आली. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, फार वर्षांपूर्वी विधवा झालेली, मूलबाळ नाही. तिनं माझं घर सावरलं. मुलीच्या वेण्या, दोघांचे डबे, ताप, सगळं तिनं केलं. हे आधी सांगायला हवं, कारण पुढे मी तिच्यावर फार चिडलो.

पेरणीचा रविवार आला. मुलगी मागच्या अंगणातून करवंट्या घेऊन आली आणि ओटीवर मांडून बसली.

ताई म्हणाली, "ह्या वर्षी नको गं, बाळा."

"का?"

"आई नाही ना."

मुलीनं जरा विचार केला. "आई नाही म्हणून भात उगवणार नाही?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि परसात माती आणायला गेलो. भात पेरलं. संध्याकाळी ताई म्हणाली, "भात ठीक आहे. तारा मात्र लावायचा नाही. आणि घरात तळण काढायचं नाही. लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतात ते मला रविवारी चर्चच्या दारातच कळलं. एक बाई, चांगल्या घरच्या, माझ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत मला म्हणाल्या, "घरात बाई नाही, कसला हो नाताळ? मुलांना आमच्याकडे पाठवा. टीव्ही बघतील, केक खातील. त्यांचा वेळ जाईल." वेळ जाईल! जणू नाताळ म्हणजे दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बसण्याची गोष्ट. माझ्या बायकोनं इतकी वर्षं ज्यासाठी खाणीवरून दगड उचलून आणले, ते ह्या बाईंच्या लेखी केक आणि टीव्ही एवढंच होतं. मी "बघू" म्हणालो. मी असाच आहे. राग मला घरी पोचल्यावर येतो.

तारा लावला नाही. तेवढं मी ताईचं ऐकलं. पण एका दुपारी ती बाजारात गेली असताना मुलीनं आणि मी कढई ठेवली. सारण बरं झालं होतं. पीठ सैल झालं. अर्ध्या नेवऱ्या तेलात उकलल्या आणि सारण जळून तेल काळं झालं. उरलेल्या मुलीनं ताटात लावल्या, वर रुमाल टाकला आणि ताट कोनाड्यात शाडूच्या बाळाशेजारी ठेवलं.

मी विचारलं, "हे कुणाकडे न्यायचं?"

"ह्या वर्षी कुणाकडे नाही न्यायचं, बाबा. ह्या वर्षी आपलंच घर दुःखाचं आहे ना? ह्या वर्षी सगळे आधी आपल्याकडे येतील." मग थोड्या वेळानं, "फेरी पण आधी आपल्याकडेच येईल. आई तसंच करायची."

मी हो म्हणालो. मला खरंच तसं वाटलं होतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी दिवेलागण झाली तेव्हा मुलं आंघोळ करून, जुनेच पण धुतलेले कपडे घालून पडवीत बसली. गोठा मांडला होता. भात वीतभर आलं होतं, एका बाजूला जरा जास्त, कारण मुलगा त्याच बाजूच्या करवंट्यांना पाणी घालायचा. बाळ मुलीच्या मुठीत होतं. ताई आत स्वयंपाकघरात होती आणि तिनं खिडकी लावून घेतली होती. थंडी आहे, म्हणाली. रत्नागिरीत कसली थंडी?

फेरी आळीच्या तोंडाशी आली. ढोलकी, झांजा, गळ्यात अडकवलेली पेटी. आधीच्या घरी गीत झालं, हसणं झालं, कुणीतरी कुणाला "आवाज बसलाय की बुवा तुझा" म्हणालं. मुलगी उठून उभी राहिली. मुलगा तिच्या फ्रॉकला धरून उभा राहिला. गीत पुन्हा सुरू झालं आणि जवळ येऊ लागलं. मग आमच्या गडग्यापाशी, म्हणजे जांभ्याच्या दगडांची आमची कुंपणाची भिंत जिथं सुरू होते तिथं, ढोलकी थांबली. झांजा थांबल्या. बॅटऱ्यांचे झोत खाली जमिनीवर गेले. पुढे चालणाऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. सगळी माणसं खाली मान घालून, पावलांचा आवाज न करता, आमच्या फाटकावरून पुढे गेली. गडगा संपला, दोन पावलं पुढे गेली, आणि ढोलकी पुन्हा सुरू झाली.

मी हे पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट, ते आम्हांला मान देत होते. हा त्यांचा मान. त्या मानाचा मला जितका राग येतो, तितका एखाद्याच्या शिवीचाही आला नसता. शिवीला निदान उत्तर देता येतं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "त्यांना आपलं घर दिसलं नाही का?"

"दिसलं."

"मग?"

मुलगा म्हणाला, "ते घाबरले."

मुलीनं मूठ उघडली, बाळाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटली. ती रडली असती तर मी कदाचित तिला कुशीत घेऊन आत गेलो असतो. ती रडली नाही. ती म्हणाली, "मग हा आता येणारच नाही का?"

मी चप्पल न घालता फाटकाबाहेर गेलो आणि ओरडलो. "थांबा!" माझा तो आवाज मीही पहिल्यांदाच ऐकला. ढोलकी थांबली. पुढे गेलेली माणसं वळली. त्यांच्यात सर्वांत पुढे गुरुजी होते. ते मंडळीचे वडील पंच, निवृत्त शिक्षक. मलाही त्यांनी शिकवलं होतं.

"काय रे, काय झालं?" ते लगबगीनं मागे आले. "मुलं बरी आहेत ना?"

"मुलं दारात उभी आहेत, गुरुजी. तुमची वाट बघत."

"अरे, पण तुझ्या घरी दुःख आहे."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय? अरे, आम्ही दारात ढोलकी बडवणार आणि तुम्ही आत रडत बसणार, बरं दिसतं का ते? रीत आहे ती."

"कुठल्या पुस्तकातली, गुरुजी? तुम्हीच शिकवलंत, पुस्तकाचं नाव सांगितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही." मला थांबता येईना. "त्या रात्री देवदूतांनी आधी चौकशी केली होती का, कुठल्या मेंढपाळाच्या घरी काय झालंय म्हणून? आणि ज्या गावात तो जन्मला त्या गावात पुढे राजानं तान्ही बाळं मारली तेव्हा किती आया रडल्या, ते आपणच दर वर्षी वाचतो ना? सुखाच्या घरी यायचं असतं तर गोठ्यात कशाला आला असता?"

पेटीवाला पुटपुटला, "वाचनालयवाले आज फारच बोलतायत." कुणीतरी त्याला गप्प केलं.

गुरुजी अवघडले. मग म्हणाले, "तुझ्या ताईंनीच निरोप पाठवला होता, थांबू नका म्हणून. आम्ही आमच्या मनानं नाही केलं."

मी वळलो. ताई पडवीच्या पायरीवर येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"त्यांना बोलू नकोस," ती म्हणाली. "मीच सांगितलं."

"का? मला न विचारता?"

"विचारायचं काय त्यात? तुझे भावोजी गेले तेव्हा माझ्या दारावरूनही असेच गेले, मुकाट. मी दिवा मालवून आत बसले होते. मला बरं वाटलं तेव्हा. वाटलं, आपल्या माणसाला मान दिला. तुलाही तसाच द्यावा म्हटलं."

"आणि पुढच्या वर्षी?"

ताई पदराशी चाळा करत राहिली. "पुढच्या वर्षी पण पुढेच गेले."

"आणि त्याच्या पुढच्या?"

मी गुरुजींकडे पाहिलं. ते आठवत होते. चेहऱ्यावरून कळत होतं की आठवतंय.

"अहो, पण ताई," ते म्हणाले, "तुम्ही कधी बोलावलं नाहीत."

"बोलवायला लागतं?" मी म्हटलं. आणि ह्या वेळी माझा आवाज चढला नाही, तो फुटला.

एका वर्षाचा मान, आणि मग सवय. बंदराकडच्या त्या घरात एक बाई दर नाताळला खिडकीआड उभी राहून ढोलकी पुढे जाताना ऐकत होती, आणि आम्ही सगळे चर्चमध्ये तिच्या शेजारी बसून शेजाऱ्यावर प्रीती करण्याबद्दलचे संदेश ऐकत होतो. मला त्या क्षणी माझ्या बायकोची फार आठवण झाली. ती अशा घरी ताट घेऊन का जायची ते मला तेव्हा नीट कळलं. कुणीच जात नव्हतं म्हणून.

मुलगी पायऱ्या उतरून आली. तिला ह्या बोलण्यातलं किती कळलं ठाऊक नाही. तिनं मूठ उघडली आणि बाळ ताईसमोर धरलं.

"आत्या, तू ठेव."

ताई मागे सरली. "मी नको गं. आणि मी तर घरातलीच. आई काय म्हणायची तुझी? बाहेरच्यानं ठेवायचं ना?"

"मग तू बाहेर जा आणि आत ये," मुलगी म्हणाली. "ह्यांच्याबरोबर ये."

गुरुजींनी टोपी डोक्यावर घातली. "चला, ताई," ते म्हणाले, आणि बाजूला होऊन त्यांनी तिला वाट दिली. ताई घरातल्या साडीवर, पिठाच्या हातांनी, फाटकाबाहेर रस्त्यावर गेली आणि फेरीतल्या बायकांमध्ये जाऊन उभी राहिली. गीत सुरू झालं, पण अगदी दबक्या आवाजात, आजाऱ्याच्या खोलीत गातात तसं.

"मोठ्यानं," मी म्हटलं.

ढोलकीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि थाप मारली. ती सगळी माणसं ताईला मध्ये घेऊन गात गात आमच्या खळ्यातून, दारापुढच्या अंगणातून, पडवीत आली. ताई गात नव्हती. तिचे ओठ हलत होते फक्त. गोठ्यापाशी ती वाकली. भाताची पाती तिच्या मनगटाला लागत होती. बाळ तिनं आधी पालथं ठेवलं, मग मुलानं "उलटं, उलटं" म्हटल्यावर सुलटं केलं. ते करताना पाठीवरच्या ठशावर तिचं बोट थांबलेलं मी पाहिलं. मग ती पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली, आणि ढोलकी चालूच होती, आणि कुणाला ते वाईट दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी उपासना झाली तसे गुरुजी, चार-पाच गाणारे आणि आम्ही बंदराकडे गेलो. नेवऱ्यांचं ताट मुलीच्या हातात होतं. ताईनं कुलूप काढलं नाही. किल्ली हातात धरून ती खळ्यात आमच्याबरोबरच उभी राहिली, आपल्याच बंद दाराकडे तोंड करून. एक गीत झाल्यावर गुरुजी म्हणाले, "दार उघडा ना, ताई."

"थांबा," ती म्हणाली. "आधी अजून गा. बरीच वर्षं राहिलीत."

सगळं झाल्यावर तिनं ताटातली एक नेवरी खाल्ली आणि मला म्हणाली, "पीठ सैल झालं होतं. मला विचारायचंस तरी."

गोष्ट इथे संपती तर मी कदाचित शांत झालो असतो. पण पुढच्या नाताळाच्या आधी मंडळीत घोषणा झाली की ह्या वर्षी "सांत्वन फेरी" निघेल. दुःखाच्या घरांना आधी कळवलं जाईल, सोबत एक वक्ता असेल, आणि मोबाइलवर टाकायला फोटो काढले जातील. चर्चच्या दारात मला केकचं सांगणाऱ्या बाईंनी ह्या कल्पनेचं फार कौतुक केलं. माझी बायको रुमालाखाली ताट झाकून न्यायची. त्या घरांत तिनं कधी कुणाला आधी कळवलं नाही, आणि आल्यावर काही सांगितलं नाही. मी गुरुजींना जाऊन भेटलो. ह्या वेळी घरी पोचेपर्यंत थांबलो नाही. फोटो रद्द झाले. वक्ता मात्र राहिला, आणि तो फार बोलतो.

ह्या वर्षी पेरणीचा रविवार होऊन दहा-बारा दिवस झाले. ताई आता आपल्या घरी असते. तिच्या खिडकीत तिनं चार करवंट्या मांडल्या आहेत आणि एकीतलं भात अजून उगवलेलं नाही. मुलं तिच्याकडे गेली होती, ती सांगत होती की आत्या त्या करवंटीला रोज पाणी घालते आणि भाताला शिव्या देते.